शब्बाथ व सण, प्राचीन यहुदी

प्राचीन यहुदी उपासनेतील साप्ताहिक विश्रांतिदिन व वार्षिक सणांची व्यवस्था. यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजतात. त्यामुळे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागून शनिवारी रात्री सुटे. दहा आज्ञांत त्याची दोन कारणे येतात : ‘निर्गम’ या ग्रंथात सृष्टिनिर्मितीनंतरची देवाची विश्रांती, तर ‘अनुवाद’ या ग्रंथात मिसरच्या दास्यातून झालेली सुटका. ही विश्रांती दासदासी, उपरे आणि जनावरे यांनाही लागू होती.

निषिद्ध कामे : नांगरणी, कापणी आणि घरात विस्तव पेटवणे यांस तोरातच (यहुदी पंचग्रंथातच) मनाई आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात अशा कामांचे ३९ प्रकार दिले असून त्यांत पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे इत्यादींचा समावेश होतो. जिवावर बेतल्यास मात्र नियम मोडण्याची मुभा होती. इ. स. पू. १६७ च्या सुमारास, शब्बाथला प्रतिकार न केल्याने अनेक यहुदी मारले गेले. तेव्हा परकीय राजवटीविरुद्धच्या बंडाचा पुढारी मत्तथ्या व त्याच्या अनुयायांनी त्या दिवशीही स्वसंरक्षणार्थ लढण्याचा निर्णय घेतला.

मंदिरातील उपासना : घरोघरी काम थांबे, पण यरुशलेमच्या मंदिरात याजकांचे काम वाढे. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू अर्पण होई. शब्बाथला आणखी दोन कोकरे वाहत आणि १२ समर्पित भाकरी बदलत. शब्बाथचा आरंभ व शेवट कर्णा वाजवून कळवीत, असे इतिहासकार जोसीफसने नोंदवले आहे. कर्णा वाजवण्याच्या जागेचा उल्लेख असलेला कोरीव दगड १९६८ मध्ये सुरू झालेल्या उत्खननात मंदिराच्या टेकडीच्या पायथ्याशी सापडला.

वार्षिक सण : महिने चांद्र असले, तरी सण आपापल्या ऋतूत राहावेत म्हणून आपल्याकडील अधिक मासाप्रमाणे अधूनमधून तेरावा महिना धरत. निसान महिन्याच्या १४ तारखेला संध्याकाळी वल्हांडणाचा यज्ञपशू मारत. त्यानंतर सात दिवस बेखमीर भाकरीचा सण चाले. सातूच्या पहिल्या पेंढीच्या अर्पणापासून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण येई. तिश्री महिन्याच्या १ तारखेला कर्णे वाजवत, १० तारखेला प्रायश्चित्ताचा उपवास असे आणि १५ पासून सात दिवस मांडवांचा सण होई. वल्हांडण-बेखमीर भाकरी, सप्ताह व मांडव हे यात्रेचे सण होत. सणाच्या मुख्य दिवशी अंगमेहनतीची कामे बंद असली, तरी खाण्यापुरता स्वयंपाक चाले. प्रायश्चित्ताच्या दिवशी मात्र शब्बाथइतकीच पूर्ण बंदी असे आणि वर्षातून त्याच दिवशी प्रमुख याजक मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, परमपवित्रस्थानात, प्रवेश करी.

नंतरचा काळ : इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील यज्ञ थांबले. घर आणि सभास्थान हे आचरणाचे केंद्र झाले. यज्ञाची जागा प्रार्थनेने घेतली. विश्रांतीचा नियम मात्र मंदिराविनाही पाळता येत असल्याने दूरच्या वस्त्यांतही टिकला. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यावरून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले.