शुशुकाची विचारपूस

खिदिरपूर या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एकीप्रमाणे हे पाण्यावरच्या प्रवाशांचा सांभाळ करणाऱ्या ख्वाजा खिज्राचे गाव. दुसरीप्रमाणे इथे जहाजे बांधणाऱ्या किड घराण्याचे. खरी कोणतीही असो, नाव हुगळीच्या पाण्यातूनच आले आहे. समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत असलेली इथली गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून या नदीत आणखी एक रहिवासी होता: लांब चोचीचा, जवळजवळ आंधळा, श्वासापुरता वर येऊन पुन्हा गढूळ पाण्यात नाहीसा होणारा. बंगालीत तो शुशुक, हिंदीत सूंस, संस्कृतात शिशुमार. माशासारखा दिसला तरी तो देवमाशांच्याच कुळातला, नदीत राहणारा डॉल्फिन.

विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद झाली १८०१ मध्ये. खिदिरपूरच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडच्या काठावर, रॉबर्ट किडने १७८७ मध्ये उभारलेली वनस्पतिबाग आहे. तिचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग झाडापानांचा जाणकार होता, पण एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत त्याने या प्राण्याचे वर्णन छापले. त्याच वर्षी लेबेक यानेही जर्मनीत त्याच प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावापुढे कोणाचे नाव लावायचे, हा वाद पुढे बराच काळ चालला.

नाव मिळाले, तरी माहिती वाढली नाही. एकोणिसाव्या शतकातले कलकत्ता हे देवमाशांच्या हाडांचे कोठार होते. एडवर्ड ब्लाइद १८४१ मध्ये सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर झाला. अराकानच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड देवमाशाची हाडे त्याच्याकडे आली आणि १८५९ मध्ये त्याने त्या देवमाशाला ‘इंडिका’ हे नाव दिले. उत्तर हिंद महासागरातल्या निळ्या देवमाशाच्या उपजातीला ते नाव आजही लावतात. हाडांवरून जबड्याची लांबी कळते, मणके मोजता येतात. पण हा प्राणी कोणत्या महिन्यात कुठे असतो, किती असतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतो का, यांतले काहीही हाडे सांगत नाहीत.

हे प्रश्न विचारणारा माणूस १८६०च्या दशकात कलकत्त्यात आला. जॉन अँडरसन हा इंडियन म्युझियमचा पहिला प्रमुख. हाडांचे काम त्यानेही केले. ब्रह्मदेशातल्या एका खाडीत शिरून मेलेल्या देवमाशाला त्याने तिथले मुख्य आयुक्त अॅशली ईडन यांच्यावरून ‘एडेनी’ हे नाव दिले. एक शुशुक त्याने दहा दिवस जिवंत ठेवून त्याचा श्वास किती वेळाने होतो तेही मोजले. पण त्याचे सर्वांत टिकाऊ काम निराळे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या नद्यांच्या काठी नेमणुकीवर असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडून त्याने माहिती मागवली: तुमच्या भागात हा प्राणी दिसतो का, नदीत वर कुठपर्यंत जातो, पाणी उतरल्यावर कुठे राहतो? उत्तरांवरून त्याने नकाशा काढला. १८७८-७९च्या सुमारास तो त्याच्या मोठ्या ग्रंथात छापला गेला.

यात हंगामाला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात नदी पसरते, शुशुक उपनद्यांत शिरतात, आणि तो सगळीकडेच आहे असा भास होतो. पाणी उतरले की मागे उरतात खोल डोह आणि संगम; शुशुकाचे खरे घर तेवढेच. म्हणून मोजायचे ते कोरड्या दिवसांत.

या नकाशाचा उपयोग सुमारे एकशेपस्तीस वर्षांनी झाला. सिंधू नदीतल्या डॉल्फिनचे क्षेत्र किती आटले, हे शोधणाऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये अँडरसनच्या नोंदी पायाला धरल्या. उत्तर निघाले: सुमारे ८० टक्के. बंधाऱ्यांनी नदीचे १७ तुकडे झाले होते आणि त्यांपैकी १० तुकड्यांतून प्राणी नाहीसा झाला होता. सर्वांत मोठे कारण होते कोरड्या हंगामात उरलेले अपुरे पाणी. अँडरसनने विचारलेच नसते, तर काय गेले हे सांगायला कोणी नव्हते.

ही गोष्ट खिदिरपूरलाही चुकलेली नाही. हुगळी गाळाने भरत होती आणि बंदर धोक्यात आले होते. गाळ वाहून जावा म्हणून फराक्का येथे गंगेवर सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधला गेला. १९७५ पासून ३८ किलोमीटरच्या कालव्यातून ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी भागीरथीत सोडता येऊ लागले. ज्या बंधाऱ्याने खिदिरपूरच्या गोदीला पाणी दिले, त्यानेच मूळ गंगेत वरच्या आणि खालच्या शुशुकांमध्ये दारे उभी केली. १९९६ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी फराक्क्याच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार केला. त्यातले वाटप १ जानेवारी ते ३१ मे या काळासाठी आहे. शुशुकाला जपून राहावे लागते तेच हे महिने. करारात वाटे दोन देशांचे आहेत. पाण्यात राहणाऱ्याचा वाटा त्यात नाही.

आज मोजणी होते. गंगेतला डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला. २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या २८ नद्यांवर ८,५०७ किलोमीटर फिरून झालेल्या गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये आला: एकूण ६,३२७ नदी-डॉल्फिन, त्यांत पश्चिम बंगालमध्ये ८१५. प्राणी वर दिसतो तो क्षणभरच, म्हणून नावेवर अनेक निरीक्षक लागतात आणि पाण्याखालचा त्याचा आवाजही टिपावा लागतो.

आपल्या कोकणातही हेच काम अलीकडे सुरू झाले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७चे. पण तिथल्या समुद्रात जिवंत देवमासे पाहून नोंदवणे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाले, तेही पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्यावरच. सिंधुदुर्गच्या समुद्रात ज्या ब्राइड देवमाशाची नोंद झाली, त्याचे शास्त्रीय नाव ‘एडेनी’. कलकत्त्याने हाडांना दिलेले नाव कोकणात जिवंत पाठीवर ओळखायला दीडशे वर्षे जवळ आली.

८१५ या आकड्यावरून एवढ्यात काही ठरत नाही. दहा वर्षांनी त्याच पात्रात, त्याच हंगामात, कोणीतरी पुन्हा नाव घेऊन जाईल आणि आजचा आकडा शेजारी ठेवील, तेव्हा हुगळीने काय राखले आणि काय घालवले ते कळेल. तीस वर्षांच्या कराराची मुदत २०२६च्या डिसेंबरात संपते. वाटपाचा हिशेब पुन्हा मांडताना शुशुकाच्या बाजूने पुढे करण्यासारखा निदान एक आकडा आता आहे.