आधी चालून दाखवा

१८९८च्या जूनमध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत मोटारींचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. प्रवेशाची अट एकच: गाडीने पॅरिसहून व्हर्सायला जाऊन स्वतःच्या बळावर परत यायचं, मगच मांडवात जागा. जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. मोटार-प्रदर्शनांच्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही अट. मोटार भरवशाची आहे, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. नुसती रंगरंगोटी करून उभी केलेली गाडी लोकांना काय पटवणार?

त्याआधी मोटारी सायकलींच्या प्रदर्शनात पाहुण्यासारख्या एका बाजूला उभ्या असत. त्यांना स्वतःचं घर दिलं ते १८९५ साली स्थापन झालेल्या फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबने. क्लबच्या संस्थापकांपैकी काउंट द दियाँ स्वतःच मोटारी बनवत. त्यामुळे हौस आणि धंदा दोन्ही एकाच मांडवाखाली आले. सुमारे १ लाख ४० हजार माणसं बघायला लोटली. १८९८च्याच डिसेंबरात तरुण लुई रेनोने आपली पहिली छोटी गाडी मोंमार्त्रच्या र्‍यू लपिक या खड्या चढावर चढवली, आणि लगेच त्याच्याकडे मागण्या आल्या. रेनो कारखान्याचा पाया त्यातून पडला. चढ चढणारी गाडी डोळ्यांनी बघितली, की बोलणंच खुंटतं!

१९०१ साली प्रदर्शन ग्रां पालेत गेलं. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही लोखंड-काचेची वास्तू, मधलं दालन सुमारे २४० मीटर लांब. घोड्यांच्या स्पर्धाही इथेच होत. ज्या जनावराची जागा मोटार घेणार होती, ते आणि ती, वर्षाच्या वेगवेगळ्या दिवसांत एकाच छताखाली येत. बागेतला तंबू जाऊन काचेचा घुमट आला, तशी मोटार खटपट्यांच्या हातून निघून दिमाखाची वस्तू झाली. हे व्हायचंच होतं. तरी मला व्हर्सायचा रस्ता अधिक प्रिय.

१९०८च्या प्रदर्शनात विमानांनाही जागा मिळाली. सायकलींनी मोटारींना दिला होता तसाच हा आसरा, आणि तोही तितकाच अल्पकाळ पुरला. १९०९च्या सप्टेंबरात याच ग्रां पालेत विमानांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. दोनच महिन्यांपूर्वी, २५ जुलैला, लुई ब्लेरिओ इंग्लिश खाडी ओलांडून गेला होता. विमानांच्या प्रयोगांवर उधळलेला त्याचा पैसा आला होता मोटारींचे दिवे विकून.