खापर कुणाच्या नावाचे?

हरसूलला शाळेतल्या मुलांशी आमच्या गप्पा चालल्या होत्या. नववीतल्या एका मुलीने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, 'ऑस्ट्रसाइझ'. आम्ही म्हटले, 'वाळीत टाकणे'. उदाहरण द्यावे लागलेच नाही. वर्ग एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "पण हा शब्द आला कुठून?"

तो आला खापरातून. ग्रीक भाषेत 'ऑस्ट्रकॉन' म्हणजे कवच, तसेच फुटक्या मडक्याची खापरीही. हाड या अर्थाचा ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि आपला 'अस्थी' हे याच कुळातले शब्द. दोन झडपांचे कवच असलेल्या चिमुकल्या जलचरांना जीवशास्त्रात 'ऑस्ट्राकोड' म्हणतात, तेही यावरूनच.

इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये नागरिकांना वर्षातून एकदा विचारत, यंदा कुणाला घालवायचे आहे का? 'हो' असे ठरले, तर काही आठवड्यांनी प्रत्येकाने खापरीवर एक नाव कोरून टाकायचे. खापऱ्या फुकट मिळत, कागदासारखा पपायरस महाग. निदान ६००० खापऱ्या जमल्या, तर सर्वाधिक वेळा नाव आलेल्या माणसाने १० दिवसांत शहर सोडायचे, ते १० वर्षांसाठी. आरोप नाही, बचावाचे भाषणही नाही. मात्र त्याची मालमत्ता त्याचीच राही आणि मुदत संपली की परत येता येई. ही प्रथा इ. स. पूर्व ४८७ मध्ये प्रथम वापरली गेली आणि सुमारे ७० वर्षांनी बंद पडली.

१९३७ मध्ये अथेन्सच्या एका जुन्या विहिरीत १९० खापऱ्या सापडल्या. जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस या सेनानीचेच नाव होते. अक्षरे तपासली, तर ती अवघ्या १४ जणांची निघाली! म्हणजे कुणीतरी आधीच कोरून ठेवलेली, वाटायला तयार मते. जनमत म्हणून जे दिसते ते किती हातांचे असते, हे अक्षरांच्या वळणांनी सांगितले.

आपल्याकडेही मडके आहेच. प्रायश्चित्त नाकारणाऱ्या 'पतिता'साठी मनुस्मृतीत विधी सांगितला आहे. तो जिवंत असतानाच त्याला मेलेला मानून दासीने पाण्याचा घडा पायाने लवंडायचा. मग नातेवाइकांनी त्याच्याशी बोलणे, सोबत बसणे बंद करायचे, वारशाचा वाटाही द्यायचा नाही. या विधीचे नाव 'घटस्फोट'. आज तो शब्द आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो. अथेन्सच्या शिक्षेला मुदत होती. जातपंचायतीच्या बहिष्काराला बहुधा तीही नसते, आणि त्यात बायकामुलेही भरडली जातात.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला. धार्मिक पंथांच्या अधिकाराच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. फुटक्या माठाच्या खापऱ्या आणि खिळे द्या. प्रत्येकाने एका झाडाचे नाव कोरावे. मग खापऱ्या मिसळून अक्षरांवरून कोणती कुणाची ते मुलांना ओळखू द्या. फक्त वर्गातल्या कुणाचे नाव कोरू देऊ नका. आमच्याही मनात आधी तेच आले होते. पण त्या वर्गातली शांतता आठवली.