उत्तर टिकवणारे भाषांतर

मलकापूरसारख्या गावातील महाविद्यालयात परीक्षेच्या पाळ्या लावताना एक जुनाच प्रश्न उभा राहतो. दहा पर्यवेक्षक, दहा पाळ्या. प्रत्येकाला त्यांतील काहीच सोयीच्या. प्रत्येक पाळीला एक पर्यवेक्षक मिळेल, अशी विभागणी शक्य आहे काय? गणितात या प्रश्नाला द्विपक्षी जुळणी म्हणता येईल. १९३५ साली फिलिप हॉल यांनी तिची अट सिद्ध केली : पर्यवेक्षकांचा कोणताही गट घेतला, तरी त्या गटाला मिळून निदान तितक्याच पाळ्या चालल्या पाहिजेत. तिघांना मिळून दोनच चालत असतील, तर पाळ्या लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या केतन मुलमुले यांचे स्थान महत्त्वाचे आहे. अनेक संगणक एकाच वेळी राबवून जुळणी झटपट कशी शोधावी, याचा विचार ते उमेश व विजय वझिरानी या बंधूंसमवेत करीत होते. १९८७ साली या तिघांनी जुळणीचा प्रश्न सारणीची व्यस्त सारणी काढण्याच्या प्रश्नात रूपांतरित केला. त्याच्या वेगवान समांतर रीती आधीच ज्ञात होत्या. पर्यवेक्षक आणि पाळ्या यांचा तक्ता हीच सारणी. तिच्या निश्चयकातील प्रत्येक शून्येतर पद म्हणजे एक पूर्ण जुळणी. परंतु धन आणि ऋण पदे एकमेकांना पुसून टाकतात. यावर त्यांचा तोडगा असा : प्रत्येक संभाव्य जोडीला यदृच्छेने एक वजन द्यावे. मग सर्वांत हलकी जुळणी एकमेव असण्याची शक्यता निम्म्याहून कमी राहत नाही. ही वजने दोनच्या घातांकात मांडली, की ते एकटे पद पुसले जात नाही. पुढे २०१६ मध्ये फेनर, गुर्जर आणि थिराउफ यांनी, संगणक अधिक वापरून, यदृच्छेवाचूनही हे साधले.

त्याच निश्चयकातील ऋण चिन्हे काढून टाकली, तर जुळण्यांची संख्या मिळते. आणि ती मोजणे अतिशय अवघड असल्याचे लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये दाखविले होते. केवळ चिन्हांमुळे पडणाऱ्या या अंतराचा भूमितीच्या मार्गाने शोध घेण्याचे काम मुलमुले यांनी मिलिंद सोहोनी यांच्यासह आरंभिले; त्यांचा पहिला निबंध २००१ सालचा.

भाषांतरात अर्थ टिकावा लागतो, येथे उत्तर. असे भाषांतर अवघड भासणारे सोपे करते, तसेच सोपे भासणारे किती अवघड आहे, हेही उघड करते.