टाकीची राखण : मत्स्यपेटीच्या कंट्रोलरचा इतिहास

पाण्याचे तापमान, आम्लता, क्षारता आणि पातळी मोजून त्यानुसार हीटर, पंप, दिवे व झडपा चालू-बंद करणाऱ्या यंत्राला हौशी मत्स्यपालक आज सरसकट ‘कंट्रोलर’ म्हणतात. या यंत्रांची तुलना बहुधा सेन्सर किती, सॉकेट किती, मोबाइलवर काय काय दिसते, अशा मोजदादीने केली जाते. परंतु त्यांच्या घडणीचा इतिहास पाहिला तर त्यांतील महत्त्वाच्या सोयी आधीच्या साधनांच्या घातक बिघाडांतून निर्माण झाल्याचे लक्षात येते, आणि म्हणूनच यंत्र सुरळीत चालताना काय करते यापेक्षा ते बिघडल्यावर टाकीचे काय होते, हा त्याच्या पारखीचा अधिक भरवशाचा निकष ठरतो.

काचेच्या टाकीत जलचर टिकवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये पद्धतशीरपणे सुरू झाले, तेव्हा टाकीची राखण पूर्णपणे माणसाच्या हाती होती. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपुढे उभी राहून ते पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये वेगळा मार्ग दाखवला : गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर वनस्पती प्राणवायू पुरवतात, मासे कर्बवायू सोडतात आणि गोगलगायी घाण साफ करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. फिलिप हेन्री गॉसच्या सहभागाने १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये त्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, तेव्हा या ‘संतुलित टाकी’च्या कल्पनेने मध्यमवर्गीय घरांतून अक्षरशः साथ पसरवली. प्रत्यक्षात हे संतुलन फार नाजूक होते. एखादा मासा मेला आणि दोन दिवस लक्षात आला नाही, तरी सगळी टाकी सडत असे.

यावर पहिला अभियांत्रिकी उपाय विल्यम अल्फर्ड लॉइड याने काढला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्याने प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठा हौद जमिनीखाली अंधारात ठेवला आणि वाफेच्या पंपाने समुद्राचे पाणी या दोहोंमध्ये अखंड फिरते ठेवले. अंधारामुळे शेवाळ वाढत नसे, जमिनीच्या गारव्यामुळे तापमान स्थिर राहत असे, आणि पाण्याच्या प्रचंड साठ्यात एखाद्या टाकीतला बिघाड विरून जात असे. आजही अनुभवी मत्स्यपालक नवशिक्याला यंत्रे घेण्याआधी टाकी मोठी घेण्याचा सल्ला देतात, तो लॉइडच्याच धड्याचा वारसा आहे, आणि कोणत्याही कंट्रोलरच्या माहितीपत्रकापेक्षा तो अधिक मोलाचा आहे.

घरगुती टाकीला जमिनीखालचा हौद परवडणारा नव्हता, त्यामुळे तिला यंत्राचा आधार घ्यावा लागला, आणि त्यांतले पहिले स्वयंचलित यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या तर उष्णतेने त्या कमी-अधिक प्रसरण पावतात आणि जोडपट्टी वाकते, या तत्त्वावरील नियामकाचे पेटंट अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्येच घेतले होते. विसाव्या शतकात विजेचे हीटर काचेच्या नळीत बसवून विकले जाऊ लागले, तेव्हा हीच द्विधातू पट्टी त्यांच्या माथ्याशी बसली : पाणी गार झाले की पट्टी सरळ होऊन विजेचे टोक टोकाला टेकते, गरम झाले की सुटते. प्रत्येक वेळी टोके जुळताना व सुटताना लहानशी ठिणगी पडते, त्या ठिणग्यांनी वर्षानुवर्षांत टोके भाजत जातात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना वितळून चिकटतात. मग हीटर बंद होतच नाही आणि पहाटेपर्यंत टाकीतले मासे उकडून निघतात. हीटर चालू अवस्थेत अडकणे हा या छंदातला जुना आणि आजही सर्रास घडणारा अपघात आहे, आणि हीटरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर दुसरा, स्वतंत्र पहारेकरी हवा, ही कंट्रोलरमागची मूळ कल्पना त्यातूनच रुजली.

दुसरे सूत्र प्रयोगशाळेतून आले. द्रावणाची आम्लता दर्शवणारे पीएच हे माप सोरेन सोरेन्सन याने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडले. परंतु ते मोजणारी काचेची नळी, म्हणजे इलेक्ट्रोड, विजेला इतका प्रचंड रोध करते की साध्या उपकरणाला तिचा क्षीण दाब वाचता येत नसे. कॅलिफोर्नियात लिंबांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी अर्नोल्ड बेकमन याने १९३४ मध्ये निर्वात नळ्यांचा वर्धक वापरून मीटर बनवला आणि ही अडचण दूर झाली. २५ अंश सेल्सियसला पीएचच्या एका एककामागे या इलेक्ट्रोडचा दाब जेमतेम ५९ मिलिव्होल्टने बदलतो, हे ध्यानात घेतले म्हणजे टाकीतल्या एखाद्या पंपाचे आवरण फुटून पाण्यात वीज झिरपली की पीएचचा आकडा लगेच का भरकटतो, ते कळते. इलेक्ट्रोडची काच जुनी होते, तिच्यावर शेवाळ चढते, आणि ज्ञात पीएचच्या द्रावणांत बुडवून तिचे अंशांकन वारंवार करावे लागते. सेन्सरची संख्या वाढवून ज्ञान वाढते असे मानणाऱ्यांनी ही देखभालही मोजली पाहिजे.

गोड्या पाण्याच्या टाकीला यापलीकडे फारसे काही लागत नव्हते. प्रवाळांची टाकी मात्र वेगळी होती, कारण प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा बांधताना पाण्यातील कॅल्शियम व अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, सतत शोषून घेतात. हे पुरवण्यासाठी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर प्रचारात आला, ज्यात बंद नळकांड्यातल्या प्रवाळखड्यांवर कर्बवायू सोडून ते विरघळवले जातात. नळकांड्यातले पीएच साधारण ६.५ ठेवायचे असते आणि ते त्याखाली उतरले की विद्युत झडप बंद होऊन वायू थांबला पाहिजे. ही झडप उघडी अडकली तर आम्लधर्मी पाणी टाकीत उतरून प्रवाळ मरतात. तापमान, पीएच, ओझोनच्या मात्रेवर पहारा ठेवणारे ऑक्सिडीभवन-क्षपण विभव आणि बाष्पीभवनाने उतरलेली पातळी यांना प्रत्येकी वेगळा नियामक लावण्याऐवजी एकाच सूक्ष्मप्रक्रियकाकडे सगळा कारभार सोपवण्याची गरज येथे निर्माण झाली.

अमेरिकेत १९९०च्या दशकात पुढे आलेल्या नेपच्यून सिस्टिम्सच्या ‘अ‍ॅक्वाकंट्रोलर’ या यंत्राने ती भागवली. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एक्स-१० या घरगुती नियंत्रणपद्धतीवर विसंबून होत्या. स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीत घराच्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवला जातो, त्यामुळे नवी वायरिंग लागत नाही. पण साध्या एक्स-१० सॉकेटला उलट उत्तर देता येत नाही. हीटर बंद करण्याचा हुकूम गोंगाटात हरवला, तरी तो पाळला गेला असेच कंट्रोलर धरून चालत असे. पुढच्या पिढ्यांत स्वतंत्र तारेने जोडलेली सॉकेटपट्टी आली, ती नेमक्या या उणिवेमुळे.

याच कंपनीच्या ‘अ‍ॅपेक्स’ची आणि जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथील जीएचएलच्या ‘प्रोफिलक्स’ची तुलना दोन विचारपद्धतींची तुलना आहे. प्रोफिलक्समध्ये प्रत्येक सॉकेटला तयार कामगिरी नेमून दिली जाते : हे तापवण्याचे, हे पीएचचे, हे पातळीचे, वापरणारा फक्त इष्ट मूल्य आणि चालू-बंद यांतील मोकळे अंतर भरतो. अ‍ॅपेक्समध्ये वापरणारा स्वतः नियमांच्या ओळी लिहितो. हीटरसाठी ‘तापमान ७७.८ अंश फॅरनहाइटखाली गेले तर चालू’ आणि ‘७८.२ च्या वर गेले तर बंद’ अशा दोन ओळी असतात. ओळी वरून खाली वाचल्या जातात, लागू पडणाऱ्यांपैकी शेवटची ओळ निर्णायक ठरते, आणि तापमान या दोन आकड्यांच्या मध्ये असताना एकही ओळ लागू पडत नसल्याने सॉकेट होते त्याच स्थितीत राहते. दुसरी पद्धत अधिक लवचीक खरी, पण तिच्यात ओळींचा क्रम चुकवण्याचे स्वातंत्र्यही वापरणाऱ्याला मिळते. नवख्यासाठी जर्मन पद्धत अधिक सुरक्षित आहे, यात शंका नाही.

अ‍ॅपेक्सच्या नियमांत सर्वांत वर लिहिली जाणारी ‘फॉलबॅक’ची ओळ मात्र या साऱ्या इतिहासाचे सार म्हणावी अशी आहे : सॉकेटपट्टीचा मुख्य यंत्राशी संपर्क तुटला तर ते सॉकेट कोणत्या स्थितीत जावे, हे तीत आधीच ठरवलेले असते. पाणी फिरवणारा पंप चालू, हीटर बंद, कर्बवायूची झडप बंद. इंटरनेट-जोडणीने सूचना मोबाइलवर मिळू लागल्या आणि २०१० च्या दशकाच्या अखेरीस अल्कता आपोआप तपासणारी रासायनिक यंत्रेही आली. पण त्यांच्या अभिकर्मकांचा खर्च कायमचा असतो आणि दूरनियंत्रण कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहते.

भारतात या यंत्रांचा हिशेब काहीसा बदलतो. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये उघडलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय समुद्राला लागून उभारले गेले. घरगुती टाकीला तशी सोय नसते, आणि कोकणपट्टीच्या उकाड्यात तिला वर्षातील बराच काळ तापवण्यापेक्षा थंड करण्याची गरज अधिक असते. शिवाय प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाल्यामुळे आपल्या समुद्रातून ते काढणे गुन्हा आहे, म्हणून कॅल्शियम व अल्कतेभोवती रचलेल्या महागड्या सोयी येथील बहुतेक टाक्यांना निरुपयोगी आहेत. चिलर व पंख्यावर नीट हुकमत, वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, वीज परतल्यावर सगळी उपकरणे एकदम सुरू न होण्याची व्यवस्था आणि संपर्क तुटल्यावर प्रत्येक सॉकेटची ठरलेली स्थिती, एवढे ज्या यंत्रात आहे ते दोन सेन्सर कमी असले तरी येथे घेण्याजोगे आहे, आणि एवढे ज्यात नाही ते कितीही सेन्सर असले तरी घेऊ नये.