क्रमवारी कोण लावतो? पालवणकर बाळू, ऑस्कर चार्ल्सटन आणि आपली स्कोअरबुकं



भीमजयंतीनिमित्त टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवायचे, म्हणून पडघ्यात आमची बैठक बसली होती. भाताची रिकामी झालेली खाचरं सपाट करून केलेलं मैदान, दिवसभर गोडाऊनमध्ये काम करून संध्याकाळी सरावाला येणारी पोरं, बक्षिसांसाठी दारोदार गोळा केलेली वर्गणी, हे सगळं भिवंडी तालुक्यातल्या कोणालाही सांगायला नको. 'सर्वोत्कृष्ट गोलंदाज' या चषकाला नाव कोणाचं द्यायचं, असा विषय निघाला. एकाने सुचवलं, पालवणकर बाळू. निम्म्या पोरांनी हे नावच ऐकलेलं नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन उठले आणि म्हणाले, "ज्यानं बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवली, त्याच्या नावाचा कप तुम्ही बाबासाहेबांच्या जयंतीला देणार?"

बैठक तिथेच थांबली. त्या प्रश्नाला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आधी माणूस कोण होता ते पाहू. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. बाळू यांचा क्रिकेटशी पहिला संबंध आला तो मैदान झाडणारा नोकर म्हणून. पुण्यातल्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे पगार चार रुपये झाला. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज सरावासाठी बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. बाळूंनी बाद केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा, असंही सांगतात. तासन् तास गोलंदाजी करून बाळूंचा डावखुरा हात तयार झाला. पण एवढ्या तासांत त्या जाळ्यात त्यांच्या हाती कोणी एकदाही बॅट दिली नाही.

इथे जरा थांबा. फलंदाजी साहेबाची आणि राजेरजवाड्यांची, गोलंदाजी नोकराची. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडलं. बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर ती विभागणी त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधीच चालू होती.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूंना संघात घ्यावंच लागलं. मैदानात सवर्ण खेळाडू आणि बाळू एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चामड्याचा चेंडू विटाळत नव्हता, चिनी मातीचा कप मात्र विटाळत होता!

बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरी लागली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा हिशेब आहे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान खरं तर बाळूंचा होता, असं खुद्द पै यांनी बोलून दाखवलं. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळलं. पै आजारी पडले, तेव्हा बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केलं. त्यावर विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारण जाहीरपणे सांगितलं. गवगवा झाला. पुढच्या सामन्यात पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करावं लागलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. पालवणकरांचा हा स्वाभिमानाचा लढा आपल्या पोरांना शाळेत कोण शिकवतं?

आता क्रमवारीकडे येऊ. 'भारताचे सर्वश्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज' अशी यादी कुठेही पाहा. बिशनसिंग बेदी असतात, विनू मंकड असतात, बापू नाडकर्णी असतात. बाळू नसतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "ते कसोटी कुठे खेळले?" भारत पहिली कसोटी खेळला २५ जून १९३२ रोजी, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. म्हणजे यादी करणाऱ्याने मोजपट्टीच अशी घेतली आहे की बाळू त्यात बसूच शकत नाहीत. वर म्हणायचं, आम्ही कोणाची जात पाहत नाही, फक्त आकडे पाहतो.

हाच वाद अमेरिकेत बेसबॉलमध्ये झाला आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे. बेसबॉलमध्ये मैदानाच्या मागच्या भागात, अगदी मधोमध जो क्षेत्ररक्षक उभा असतो त्याला सेंटर फील्डर म्हणतात. सगळ्यात जास्त जागा त्याला राखायची असते. सर्वश्रेष्ठ सेंटर फील्डर कोण, यावर तिथे पिढ्यान् पिढ्या वाद चालला. टाय कॉब, ट्रिस स्पीकर, जो डिमॅजिओ, मिकी मँटल आणि त्यांच्यासोबत कृष्णवर्णीय विली मेज. मेज या यादीत आले, कारण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी रंगभेदाची भिंत ओलांडल्यानंतर त्यांचा काळ सुरू झाला. त्याआधीच्या काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. त्यांनी स्वतःच्या लीग काढल्या. त्यातल्या ऑस्कर चार्ल्सटन या सेंटर फील्डरला पाहिलेले लोक शपथेवर सांगत की असा खेळाडू झाला नाही. पण यादीत नाव नाही! "ते मोठ्या लीगमध्ये कुठे खेळले?" प्रश्न तोच, फक्त भाषा वेगळी. चार्ल्सटन १९५४ मध्ये वारले. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं ते १९७६ मध्ये.

मग अमेरिकेत काय घडलं? अभ्यासकांनी काळ्या समाजाने चालवलेली जुनी वर्तमानपत्रं चाळली, त्यात छापलेले सामन्यांचे तक्ते एकेक करून जुळवले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिसळले. त्यामुळे कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत वर्षानुवर्षं पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला. पहिल्या जागी आले कृष्णवर्णीय जॉश गिब्सन, .३७२. तिसरे ऑस्कर चार्ल्सटन, .३६३. सामने कमी होते, नोंदी अपुऱ्या होत्या, असे आक्षेप निघाले. पण सामने कमी कोणामुळे होते, हेही त्या निमित्ताने विचारलं गेलं.

एक तारीख लक्षात ठेवा. काळ्यांची निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली १३ फेब्रुवारी १९२० रोजी. त्याच्या अवघे दोन आठवडे आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. आणि त्याच वर्षी पालवणकर बंधू संघाबाहेर पडले. यांपैकी कोणीही एकमेकांना विचारून काही केलं नव्हतं. पण ज्याला दुसऱ्याच्या वहीत जागा नाही, त्याला स्वतःची वही काढावी लागते, हे तिघांनाही कळलं होतं.

अमेरिकेत आणि आपल्याकडे एक फरकही आहे. तिथे काळ्या खेळाडूला संघातच घेतलं नाही. इथे जातिव्यवस्थेने बाळूंना संघात घेतलं, कारण त्यांचा डावा हात हवा होता. हात घेतला आणि माणूस पॅव्हेलियनबाहेर ठेवला. म्हणून बाळूंचे आकडे हरवलेले नाहीत, छापील आहेत. तरीही यादीत ते नाहीत. म्हणजे आपल्याकडे अडचण नोंदीची नाही, नियतीची आहे.

तर मग आमची क्रमवारी काय? आज खेळणाऱ्यांना बाजूला ठेवून आणि फक्त गोलंदाजी पाहून सांगतो. पहिले बेदी. ६७ कसोटींत २६६ बळी, तेही देशोदेशींच्या खेळपट्ट्यांवर. दुसरे पालवणकर बाळू. तिसरे मंकड, ४४ कसोटींत १६२ बळी. त्यानंतर राजिंदर गोयल आणि आपल्या मुंबईचे पद्माकर शिवलकर. गोयल यांचे प्रथम श्रेणीत ७५० बळी, शिवलकरांचे ५८९, आणि दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही, कारण त्यांच्या काळात बेदी होते. प्रत्येक अन्यायाच्या मुळाशी जातच असते, असं आम्ही म्हणत नाही. म्हणूनच जिथे ती होती तिथे ती ठणकावून सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे.

बाळूंना पहिला क्रमांक का नाही? त्यांच्या काळच्या उघड्या खेळपट्ट्या गोलंदाजाला साथ देत. त्यामुळे १५.२१ आणि आजची सरासरी यांची थेट तुलना होत नाही. परदेशात त्यांना मिळाला एकच दौरा, तोही पस्तिशीत. जो पुरावा आहे तेवढ्यावर आम्ही दुसरा क्रमांक देतो. उरलेला पुरावा त्यांना उभाच करू दिला गेला नाही, हा आमचा आरोप आहे. भावनेच्या भरात पहिला क्रमांक वाटला, तर आपली यादीही त्यांच्या यादीसारखीच होईल.

आता त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या प्रश्नाकडे. ते खोटं बोलले नाहीत. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंना उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

बाळू असे का वागले? आमचं मत असं. त्यांनी पॅव्हेलियनचं दार हळूहळू उघडताना पाहिलं होतं. स्वतःला उपकर्णधारपद मिळालं, भावाला कर्णधारपद मिळालं. सवर्णांचं मन बदलतं, हा त्यांचा अनुभव होता. पण विठ्ठल कर्णधार झाले १९२३ मध्ये, आणि चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली गेली. एक पालवणकर पॅव्हेलियनमध्ये गेल्याने तळं खुलं झालं नाही. हे बाबासाहेबांनी ओळखलं, बाळूंनी ओळखलं नाही. एका गुणी माणसाला वर घ्यायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना गप्प करायचं, ही चाल आजही चालू आहे. निवडणुकीच्या दिवसांत ती आपल्याच वस्त्यांत दिसते.

म्हणून राजकारणात आम्ही बाळूंच्या विरोधात आहोत आणि राहू. पण त्यांच्या चुकीसाठी त्यांचे १७९ बळी पुसायचे का? ज्या तरुण बाबासाहेबांनी बाळूंच्या गौरवासाठी पुढाकार घेतला होता, त्यांनी पुढे त्यांना मतपेटीत हरवलं. बाळूंचा खेळ त्यांनी कधी नाकारला नाही. आणि आणखी एक कटू गोष्ट. बाळू चर्मकार होते. आपल्या चळवळीत त्यांचं नाव मागे पडण्यात १९३७ किती आणि पोटजात किती, हे ज्याने त्याने छातीवर हात ठेवून स्वतःला विचारावं. दुसऱ्याच्या यादीत जात शोधणाऱ्याने आपलीही यादी तपासली पाहिजे.

देवधरांच्या नावाने करंडक होता, नायडूंच्या नावाने आहे, कूचबिहारच्या संस्थानाच्या नावानेही आहे. बाळूंच्या नावाने बीसीसीआयची एकही राष्ट्रीय स्पर्धा नाही. तिथे अर्ज-विनंत्या करायच्या त्या जरूर करू. पण पडघ्याच्या मैदानावर नाव द्यायला आपल्याला कोणाची परवानगी लागते?

आम्ही पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडणार आहोत. पहिला, सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा चषक पालवणकर बाळू यांच्या नावाने द्यावा आणि सोबत एक छापील पान द्यावं, ज्यात १९११ चे बळीही असतील आणि १९३७ ची मतंही. दुसरा, स्कोअर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायचा नाही. पक्क्या वहीत, प्रत्येक खेळाडूच्या पूर्ण नावासह लिहायचा आणि ती वही विहारात जपून ठेवायची. तिसरा, जी पोरं पहाटे येऊन मैदान झाडतात, पाणी मारतात, फक्कीने रेषा आखतात, त्यांची नावं त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहायची.

खेळपट्टी झाडणाऱ्या पोराच्या हातात काय आहे, ते पुण्याच्या क्लबांना वेळेवर कळलं नव्हतं. आपल्याला कळायला हवं.

ज्येष्ठांचा विरोध अजून मावळलेला नाही. बैठकीला या आणि समोर बसून वाद घाला.

जय भीम!