डिस्क गोल्फच्या तबकड्यांचा संग्रह

डिस्क गोल्फ या खेळातील प्लॅस्टिकच्या तबकड्या जमवण्याचा व मांडून ठेवण्याचा छंद. तो मुख्यतः अमेरिकेत रुजला. एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात या खेळात लक्ष्य म्हणून साखळ्या लावलेली टोपली तयार केली. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीने तिरप्या कडेची, खास या खेळासाठीची तबकडी आणली आणि नंतर प्रकार झपाट्याने वाढले. संग्राहक साचा, प्लॅस्टिकचा प्रकार, रंग, छाप व उत्पादनाची खेप पाहतात. पहिल्या खेपेतील, न फेकलेली किंवा नामवंत खेळाडूची स्वाक्षरी असलेली तबकडी मोलाची ठरते. हेड्रिक २००२ मध्ये निवर्तले; त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून बनवलेल्या तबकड्या ही या छंदातील हृद्य ठेव आहे. तबकड्या भिंतीवर किंवा फळीवर उभ्या मांडतात. उन्हाने रंग फिकटतो व उष्णतेने आकार बिघडतो. म्हणून त्या सावलीत ठेवाव्या लागतात.